मुक्काम उठल्यानंतर

शुक्रवारची संध्याकाळ झाली की ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांचे रूप पालटते. आठवडाभर लोकलच्या दारात लोंबकळत कचेरी गाठणारा नोकरदार, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातावेगळा केलेला शिक्षक, वर्गणी काढून गाडी ठरविणारे विद्यार्थी असे सारे मुरबाडकडे, शहापूरकडे, बदलापूर-कर्जतकडे निघतात. पूर्वी ही मंडळी पहाटेची एस. टी. धरीत आणि रात्री झोपायला घरी परतत. आता रात्रच बाहेर काढण्याची हौस वाढली आहे. मोटारीच्या टपावर उघडणारे तंबू आले, भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅन आल्या आणि जुन्या व्हॅनमधील बाके काढून तेथे पलंग, शेगडी व पाण्याची टाकी बसविणारे हौशी लोकही दिसू लागले. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटर लांबीच्या या रस्त्याचे मुंबईकडील टोक भिवंडी तालुक्यातील आमणे येथे, म्हणजे कल्याणकरांच्या उंबरठ्यावर, येऊन ठेपले. तेव्हा चाकांवरच्या घराची ही आवड यापुढे वाढत जाणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

या हौसेकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. दोन खोल्यांच्या घरात, समोरच्या इमारतीची भिंत पाहत वाढलेल्या मुलाने एखादी रात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी काढली आणि विजेच्या दिव्यांवाचून आकाश कसे दिसते हे पाहिले, तर त्याच्या शिक्षणात भरच पडेल. सुटीच्या दिवसांत हॉटेलांचे भाव सामान्य कारकुनाच्या आवाक्यात राहिलेले नाहीत. मग चार मित्रांनी मिळून गाडी भाड्याने घेतली आणि तीतच रात्र काढली, तर त्यांना दोष कोण देणार? शिवाय रात्रभर गाडी हाकीत नेऊन पहाटेच्या डुलकीत अपघात ओढवून घेण्यापेक्षा वाटेत थांबून झोपणे केव्हाही शहाणपणाचे. प्रश्न मुक्काम करावा की नाही हा नाही. मुक्काम उठल्यानंतर त्या जागेवर काय उरते, हा खरा प्रश्न आहे. आणि आज त्याचे उत्तर समाधानकारक नाही. एखाद्या ओढ्याच्या काठी रविवारी दुपारी फेरफटका मारावा म्हणजे शेकोटीचे काळे डाग, फुटलेल्या बाटल्या, कागदी ताटल्या आणि झुडपांआडची घाण यांतून ते उत्तर आपोआप मिळते.

या संदर्भात ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. गाडीत पलंग आहे, शेगडी आहे, मोबाईल चार्ज करण्याची सोय आहे, एवढ्यावर ती गाडी स्वयंपूर्ण म्हणून मिरविली जाते. वास्तविक प्रवाशाला सुखाने झोपता येणे ही स्वयंपूर्णतेची सोपी बाजू आहे. अवघड बाजू निराळीच आहे: त्या गाडीने बाहेरच्या भूमीवर आणि पाण्यावर आपला कोणताही भार टाकता कामा नये. न्यूझीलंडमध्ये रस्त्याकडेला रात्र काढणाऱ्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा २०११ मध्ये तेथे मुक्त मुक्कामाविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. गाडी स्वयंपूर्ण ठरण्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचे पाणी, तेवढेच सांडपाणी साठविणारी बंद टाकी, झाकणाची कचरापेटी आणि शौचकूप अशा अटी तेथील मानकाने घातल्या. पुढे २०२३ च्या कायद्याने गाडीत पक्के बसविलेले आणि पलंग उघडलेला असतानाही वापरता येईल असे शौचकूप टप्प्याटप्प्याने आवश्यक केले. पलंगाचा उल्लेख वाचून हसू येईल; पण त्यामागे अनुभव आहे. गाडीत शौचकूप असते, परंतु ते सामानाखाली गाडलेले असते आणि प्रवासी मात्र झाडाआड जातो, हे तेथील लोकांनी पाहिलेले होते.

हा हिशेब आपल्याकडेही करून पाहण्यासारखा आहे. अशा गाड्यांत बहुधा काढून नेता येणारी मैल्याची पेटी असते. तिच्यात साधारणपणे अठरा ते वीस लिटर मावतात. चार माणसांचे कुटुंब असेल तर ती दीड-दोन दिवसांत भरते. भांडी व हात धुतलेल्या पाण्याची टाकी तर त्याहूनही लवकर भरते. मग ही पेटी रिकामी कोठे करावयाची? ठाणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर आज त्यासाठी फलक लावलेली, सर्वांना ठाऊक असलेली अशी जागा नाही. ती ओढ्यात ओतणे हा उघड गुन्हा समजला पाहिजे. धाब्यामागच्या शोषखड्ड्यात ओतली तरी प्रश्न मिटत नाही; कारण पेटीतील वास मारण्यासाठी घातलेली रसायने त्या खड्ड्यातील मैला कुजविणाऱ्या जीवाणूंनाही मारतात. म्हणजे लाखो रुपये खर्चून अंगी बाणविलेली स्वयंपूर्णता दुसऱ्याच दिवशी एका साध्या प्रश्नापाशी अडते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर प्रवाशाने अंधारात स्वतःच्या मताने शोधावे अशी आजची स्थिती आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. गाड्या आणि त्या उभ्या करण्याचे तळ, असा दोन्हींचा विचार त्यात आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तळावर पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि सांडपाण्याची व्यवस्था हवी, हे त्यात गृहीत धरलेले आहे. तथापि धोरण कागदावर उतरणे आणि तळ जमिनीवर उतरणे यांत आपल्याकडे नेहमीच अंतर पडते. गाड्या खाजगी उत्साहाने वाढतात. तळ मात्र सार्वजनिक आळसाची वाट पाहत राहतात. कॅराव्हॅनच्या पुरस्कर्त्यांचा एक युक्तिवाद असा असतो की, जेथे पक्क्या बांधकामाला परवानगी नाही तेथेही या गाड्यांमुळे पर्यटकांची राहण्याची सोय होऊ शकते. हा युक्तिवाद दुधारी आहे. बांधकामाला बंदी असते ती काही उगाच नसते. ती जागा जलाशयाच्या काठी असते, वनात असते किंवा डोंगराच्या अस्थिर उतारावर असते. तेथे भिंत नको म्हणून चाके चालतील, असे मानणे म्हणजे नियमाचे शब्द पाळून त्याचा हेतू बुडविणे होय.

ठाणे जिल्ह्यात तर हा हेतू विशेष जपला पाहिजे. कारण हा जिल्हा म्हणजे महानगराचा पाण्याचा रांजण आहे. शहापूर तालुक्यात १८९२ पासूनचा तानसा तलाव आहे, भातसा धरण आहे. मुंबई आणि ठाणे ही दोन्ही शहरे भातसा नदीवर पिसे येथे आपले पाणी उचलतात. मुरबाड-बदलापूरच्या बाजूला औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण आहे. त्याच्या पाण्यावर डोंबिवलीचे कारखाने आणि आसपासची मोठी वस्ती जगते. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करीत कल्याणला येते आणि मोहिली येथे तिचे पाणी उचलून कल्याण-डोंबिवलीच्या नळांना पुरविले जाते. आता शनिवार-रविवारच्या मुक्कामाच्या आवडत्या जागा नकाशावर मांडून पाहाव्यात. कर्जत-नेरळचे नदीकाठ, बारवीचा परिसर, भातसा-तानसाचे किनारे: प्रवासी नेमके आपल्याच नळाच्या वरच्या अंगाला जाऊन थांबतात. डोंबिवलीच्या गृहस्थाने नेरळजवळ नदीत जे सोडले, ते त्याच्याआधी नाही तरी त्याच्यामागून डोंबिवलीला पोहोचते. शुद्धीकरण केंद्र त्यातील पुष्कळ दोष काढून टाकते हे खरे. पण म्हणून आपल्या पिण्याच्या पाण्यात आपणच घाण करावी आणि ती काढण्याचा खर्च करातून भरावा, याला शहाणपण म्हणता येणार नाही.

पाण्याची दुसरी बाजू याहून टोचणारी आहे. ज्या शहापूर तालुक्यातून महानगराला पाणी जाते, त्याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात, हे दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळते. धरणाची भिंत दिसते अशा ठिकाणी बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. अशा गावात शहरातली गाडी येऊन उभी राहते आणि नळी लावून शंभर लिटरची टाकी सार्वजनिक विहिरीवरून भरून घेते, तेव्हा त्यात कायद्याचा भंग कदाचित नसेल, पण सभ्यतेचा निश्चित आहे. गावकरी बहुधा ‘नाही’ म्हणत नाहीत. पाहुण्याला पाणी नाकारणे त्यांच्या स्वभावात नाही. म्हणूनच पाहुण्याने ते मागण्यापूर्वी विचार करावयाचा असतो. घरून निघतानाच टाकी भरून घेणे, हा स्वयंपूर्णतेचा पहिला धडा आहे. आणि त्याला एक पैशाचाही खर्च नाही.

वनाचीही अशीच कथा आहे. ठाण्याच्या दारातले येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे; तानसा आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्ये आहेत. तेथे रात्र ही माणसाची नसते, जनावरांची असते. वळवाच्या पावसाच्या सुमारास भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे पाहण्यासाठी कल्याण-ठाण्याहून गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याचा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. त्या अंधारात मोटारींचे दिवे सारखे फिरत राहिले की ती साद हरवते आणि पुढच्या पिढीचे काजवे कमी होतात. जो देखावा पाहण्यासाठी एवढा प्रवास केला, तोच पाहण्याच्या पद्धतीमुळे नष्ट व्हावा, यासारखा दुसरा विरोधाभास नाही. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताजवळ पेटविलेली आणि न विझविता सोडलेली शेकोटी काय करू शकते, हे वेगळे सांगावयास नको.

दुसऱ्याच्या सुरक्षिततेबरोबर स्वतःच्या सुरक्षिततेचाही येथे संबंध आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे मूळ बनावटीत मनमानी फेरफार करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट स्पष्ट केली. तेव्हा गल्लीतल्या गॅरेजमध्ये पलंग आणि गॅसची शेगडी ठोकून घेतलेली व्हॅन अपघातानंतर विम्याच्या दारात उभी राहिली की काय होईल, याचा विचार आधीच केलेला बरा. बंद गाडीत वायूचा धोका तर दिसतही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साईड वायू आत साचला होता, असे तपासात आढळले. या वायूला रंग नाही, वास नाही. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून, काचा लावून, थंड हवेत झोपणारा माणूस आपण सुखात आहोत याच समजुतीत जीव गमावतो. शास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांनी सहलीपूर्वी एवढे जरी मुलांना सांगितले, तरी ते सार्थकी लागेल.

यावर एक आक्षेप निश्चित घेतला जाईल आणि त्यात तथ्यही आहे. उल्हास नदी बिघडली ती मुख्यतः शहरांच्या प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या रसायनांनी. वालधुनीचे काय झाले हे कल्याण-उल्हासनगरचा प्रत्येक रहिवासी जाणतो. मग मूठभर हौशी प्रवाशांवर डोळे वटारण्यात काय हशील? आक्षेप खरा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. नदी खाली बिघडलेली आहे म्हणूनच तिचा वरचा, अजून बराचसा निर्मळ राहिलेला भाग अधिक जपला पाहिजे. शिवाय दुसऱ्याची घाण आपल्या दारात पडणे म्हणजे काय, हे कल्याणइतके कोणाला कळावे? आधारवाडीच्या कचराभूमीची दुर्गंधी आणि तिला वारंवार लागणाऱ्या आगींचा धूर या शहराने वर्षानुवर्षे सोसला. २०२१ मध्ये ती बंद झाली तेव्हा आसपासच्या लोकांनी मोकळा श्वास घेतला. ज्यांनी हे भोगले, त्यांनीच मुरबाडच्या एखाद्या पाड्याशेजारी लहानशी आधारवाडी निर्माण करून परत यावे, हे शोभणारे नाही.

शासनाची आजची पद्धत मनाईची आहे. पावसाळा आला की जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात; धबधबे, धरणे आणि घाट येथे जाण्यास बंदी होते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हापासून हे आदेश अधिक कडक झाले आणि ते समजण्यासारखे आहे. माळशेज घाटात दरडी कोसळतात. तेथे कड्याखाली गाडी लावून रात्र काढू देणे हा अविचारच ठरेल. परंतु मनाई हे अर्धे धोरण झाले. कोठे थांबू नये हे सांगणाऱ्या शासनाने कोठे थांबावे हेही सांगितले पाहिजे. तसे न झाल्यास माणसे थांबावयाची राहत नाहीत. ती फक्त दडून थांबतात, आणि दडून थांबणाऱ्याचा कचराही दडूनच टाकला जातो.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. मुरबाड आणि शहापूर येथे एस. टी.ची आगारे आहेत. त्यांच्या आवारातील थोडी जागा रात्री माफक शुल्क घेऊन अशा गाड्यांना दिल्यास प्रवाशाला सुरक्षितता आणि महामंडळाला चार पैसे मिळतील. माळशेज येथे पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. कल्याण-अहिल्यानगर मार्गावरील पहिला आदर्श तळ तेथेच होऊ शकतो. कल्याण-डोंबिवली आणि ठाणे महापालिकांची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. त्यांपैकी प्रत्येक शहरात एका ठिकाणी गाडीतील मैल्याची पेटी रिकामी करण्याचे आणि धुण्याचे तोंड बांधून दिले, तर परतीच्या वाटेवरील प्रत्येक प्रवाशाला रविवारी रात्री तेथे थांबता येईल. एक नळ, एक जाळी, एक फलक आणि एक नोंदवही, एवढ्यावर हे काम भागते. ज्याने गाडी भाड्याने दिली, त्याने ती पेटी रिकामी करून आणल्याची पावती पाहिल्यावाचून अनामत रक्कम परत करू नये, एवढी एकच अट घातली तरी अर्धे काम होईल.

राहिला गावांचा प्रश्न. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि त्याखालील राज्याच्या २०१४ च्या नियमांनी तेथील ग्रामसभांना आपल्या परिसरातील साधनसंपत्तीविषयी अधिकार दिलेले आहेत. मुक्कामाचे मैदान कोठे असावे, रात्री किती गाड्या घ्याव्यात, शेकोटी कोठे पेटवावी, शुल्क किती असावे, हे शहरातील कोणा कंत्राटदाराने न ठरविता त्या ग्रामसभेने ठरवावे. रात्रीची भाकरी आणि सकाळचा चहा गावातील महिला बचत गटाकडून घेतला गेला, तर शहरातून शिधा आणि त्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या वाहून नेण्याचे कारण उरणार नाही. आज त्या गावाच्या वाट्याला पर्यटनातून बहुतेक वेळा धूळ, गोंगाट आणि कचरा येतो. उद्या त्यातून चार घरांची चूल पेटली, तर त्या मैदानाची राखण करावयास पोलीस लागणार नाही.

असे म्हटले जाईल की, ही शिस्त परदेशी आहे, आपल्या लोकांना ती मानवणार नाही. ही समजूत आपल्याच इतिहासाच्या अज्ञानातून आलेली आहे. चालत्या माणसांच्या मुक्कामाची व्यवस्था महाराष्ट्राइतकी जुनी कोणाची असेल? आळंदी-देहूहून निघणाऱ्या पालख्यांचे मुक्काम ठरलेले असतात, तळ ठरलेले असतात, दिंड्यांच्या राहुट्यांच्या जागाही ठरलेल्या असतात; पाण्याचे टँकर बरोबर चालतात. लाखो माणसांच्या या प्रवासात मागे राहणाऱ्या घाणीचा प्रश्न जाणवला, तेव्हा अलीकडच्या वर्षांत निर्मल वारीचा उपक्रम निघाला आणि फिरती शौचालये वाटेवर उभी राहिली. गाडगेबाबांनी, १८७६ ते १९५६ या आपल्या आयुष्यात, गोरगरीब यात्रेकरूंना रात्र काढता यावी म्हणून पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. आणि ज्या गावात ते पाऊल टाकीत, त्या गावात त्यांच्या हाती प्रथम खराटा असे. निवारा आणि झाडू या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

चाकांवरच्या घरातून निघालेल्या आजच्या प्रवाशापुढे हाच धडा आहे. त्याच्या गाडीत पलंग किती मऊ आहे आणि दिवे किती आहेत, याला महत्त्व नाही. सोमवारी सकाळी तो पुन्हा आठ-पंधराची लोकल पकडील, आपल्या टेबलाशी बसेल, वर्गात उभा राहील. आणि त्याच वेळी मुरबाडच्या एखाद्या माळावर गावातील पोर गुरे घेऊन जाईल. त्या पोराला काल येथे कोणी रात्र काढली होती हे गवतावरच्या चाकोऱ्यांखेरीज दुसऱ्या कशावरूनही कळू नये. एवढे साधले, म्हणजे ती गाडी स्वयंपूर्ण झाली.